रात्री दोनची सही

आत्याच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. वर तारीख, खाली दर दोन तासांचे रकाने. प्रत्येक रकान्यात ‘डावी’, ‘उजवी’ किंवा ‘पाठ’ असं लिहून पुढे सही करायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा अशा हाडाच्या जागी कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. कूस वेळेवर बदलली की नाही, त्याची ही नोंद. मी संध्याकाळी साडेसहाला पोचले होते. कागदावर रात्री दोनची सही झालेली होती. पहाटे चारचीही. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत केलेल्या.

तिथे कामाला असलेल्या मावशींच्या मदतीने मी आत्याला कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, कडा काळवंडलेल्या, वास येत असलेली. आत्या काही बोलली नाही. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली होती. तिने फक्त माझं मनगट घट्ट धरलं.

आत्याला ठेवलं होतं ती संस्था मीच निवडली होती. तीन ठिकाणं पाहून, वहीत टिपणं काढून. खोलीला खिडकी आहे का, संडासात कमोड आणि धरायला दांडी आहे का, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळते का, सगळं विचारलं होतं. रात्री त्या मजल्यावर किती माणसं कामाला असतात, एवढं विचारायचं राहून गेलं. त्या राहून गेलेल्या प्रश्नाने मला पुढची काही वर्षं या विषयामागे लावलं. पुण्या-मुंबईतली, नाशिक-कोल्हापूरची बरीच ठिकाणं पाहिली, चालवणाऱ्यांशी बोलले, काम करणाऱ्या मावश्यांशी त्याहून जास्त बोलले. आणि या प्रश्नावर जगात आजवर काय काय झालं, तेही वाचलं.

आधी शब्दाचा घोळ सोडवायला हवा. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय. आपल्यातल्या कित्येकांचा जन्म तिथलाच. अमेरिकेत त्याच नावाने ओळखली जाते ती म्हाताऱ्या, परावलंबी माणसांनी उरलेलं आयुष्य काढायची जागा. तिला वृद्धाश्रम म्हणावं, तर वृद्धाश्रमात हिंडती-फिरती माणसंही येतात. उलट बरेच वृद्धाश्रम प्रवेशाच्या अर्जातच अट घालतात की, अर्जदाराला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ज्यांना ते करता येत नाही, त्यांच्यासाठी आता ‘केअर सेंटर’, ‘शुश्रूषा केंद्र’, ‘असिस्टेड लिव्हिंग’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. मी पुढे शुश्रूषागृह म्हणते ते या जागांना. त्यांचा दर्जा ओळखायचा कसा, यावर सगळ्यांत जास्त विचार, पैसा आणि आकडेमोड अमेरिकेत झाली, म्हणून या आढाव्याचा मोठा भाग तिथला आहे.

दर्जा म्हणजे काय, याची आजही वापरात असलेली मांडणी आव्हेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांची. बैरुतला जन्मलेले, नंतर मिशिगनमध्ये शिकवणारे. १९६६च्या एका लेखात त्यांनी सांगितलं की, वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन बाजूंनी पाहता येतो: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. शुश्रूषागृहापुरतं बोलायचं तर खाटा किती, माणसं किती, त्यांचं शिक्षण काय ही रचना. कूस बदलली का, पाणी पाजलं का, दात घासले का ही प्रक्रिया. जखम झाली का, वजन घटलं का, माणूस पडलं का हा परिणाम. साहजिकच वाटतं की, शेवटी परिणामच पाहावा. रुग्णालयाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी चालतं. शुश्रूषागृहात मात्र तिथेच अडतं, कारण इथे येणारं माणूस उत्तम काळजी घेतली तरी थकत जाणार आणि एक दिवस जाणार. वांद्र्याचं शांती आवेदना सदन घ्या. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली, आता इलाज उरला नाही असं सांगितलेली माणसं तिथे येतात. नुसते मृत्यू मोजले तर अशी जागा सगळ्यांत वाईट ठरेल. जे शुश्रूषागृह जास्त परावलंबी, जास्त आजारी माणसं घेतं त्याचे आकडे वाईट दिसतात. जे चालती-फिरती माणसं वेचून घेतं त्याचे चांगले दिसतात. म्हणून परिणाम मोजण्याआधी माणूस कोणत्या अवस्थेत आलं, हे मोजावं लागतं. अमेरिकेची पुढची सगळी खटपट या एका गरजेतून उभी राहिली.

१९६५ साली तिथे मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या. सरकारचा पैसा मिळू लागला तशी शुश्रूषागृहं भराभर वाढली आणि त्यांच्यासोबत तिथल्या हालांच्या कहाण्याही. १९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मोठा अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, शुश्रूषागृह सुधारणेचा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी करून ती माहिती सरकारकडे द्यायची, वर्षातून साधारण एकदा न सांगता येणारी तपासणी पथकं, आणि रहिवाशाला बांधून न ठेवलं जाण्याचा हक्क, असे त्याचे मोठे भाग.

या शेवटच्या हक्काने जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. कायद्याआधी तिथल्या शुश्रूषागृहांतली ४० टक्क्यांच्या आसपास माणसं कुठल्या ना कुठल्या प्रकारे बांधलेली असत: पट्ट्याने, जाकिटाने, उठता येणार नाही अशा खुर्चीत. कारण एकच दिलं जाई, नाहीतर पडतील. आज हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. बांधणं बंद केलं म्हणून सगळे पडून मरतील अशी जी भीती घातली जात होती, ती खरी ठरली नाही. मी आपल्याकडे ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले हात पाहिले आहेत. ‘नळी ओढतात हो, काय करणार’ हे उत्तर ऐकलं आहे आणि नातेवाइकांकडून आधीच घेतलेलं संमतिपत्रही पाहिलं आहे. दुसऱ्या एका देशात तीस वर्षांत हे जवळजवळ संपलं, हे त्यामुळे मी जिथे जाते तिथे सांगते.

दुर्दैवाने त्याच गोष्टीचा पुढचा भागही आहे. पट्टा गेला आणि गोळी आली. डिमेन्शिया झालेली माणसं रात्री ओरडतात, फिरतात, कपडे काढतात; त्यांना गप्प करण्यासाठी मनोविकारावरची औषधं सर्रास दिली जाऊ लागली. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला होता. २०११ च्या अखेरीस दीर्घ मुक्कामाच्या रहिवाशांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना ती मिळत होती. सरकारने मोहीम काढली, प्रत्येक शुश्रूषागृहाचा आकडा जाहीर केला आणि काही वर्षांत तो १५ च्या खाली आला. यश म्हणून ते मिरवलंही गेलं. मात्र मोजणीत एक सूट होती: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला दिलेलं औषध धरायचं नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोधून काढलं की, शुश्रूषागृहांतल्या दर नऊ माणसांत एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलेला आहे. एकूण समाजात हा आजार साधारण दीडशेत एकाला असतो आणि तो ऐंशीव्या वर्षी अचानक सुरू होत नाही. सूट दिलेले रुग्ण धरले तर औषध घेणारे किमान २१ टक्के भरत होते. २०२३ पासून सरकार या निदानांची वेगळी पडताळणी करू लागलं.

आत्याच्या भिंतीवरचा कागद आणि हे निदान यांत मला फरक दिसत नाही.

तारांकनाची गोष्टही याच वाटेने गेली. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेने प्रत्येक शुश्रूषागृहाला एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. जवळजवळ पंधरा हजार शुश्रूषागृहं, त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसं. कुणालाही आपल्या गावातलं नाव काढून तारे पाहता येतात. तीन गोष्टींवरून तारे ठरतात: पथकाची तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि जखमा, पडणं, औषधं वगैरे दर्जाचे निकष. यातली तपासणी तेवढी बाहेरचं माणूस करतं. बाकी दोन्हींची माहिती सुरुवातीला शुश्रूषागृहं स्वतः भरून देत असत. तपासणीचे तारेही त्या त्या राज्यात तुलना करून दिले जातात: राज्यातले वरचे १० टक्के पाच तारे, खालचे २० टक्के एक तारा. म्हणजे राज्यातली सगळीच शुश्रूषागृहं सुमार असली तरी त्यातल्या काहींना पाच तारे मिळणारच. न्यू जर्सीतल्या आणि टेक्सासमधल्या पाच ताऱ्यांची तुलना करण्यात त्यामुळे अर्थ नसतो.

स्वतः भरलेली माहिती किती खरी, हे शिकागो विद्यापीठातल्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांची पद्धत साधी आणि बिनतोड होती. शुश्रूषागृहात पडून, हाड मोडून किंवा डोक्याला मार लागून रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांची मेडिकेअरची बिलं त्यांनी घेतली आणि तेच पडणं शुश्रूषागृहाने सरकारला कळवलं आहे का, ते ताडून पाहिलं. ५७.५ टक्के पडण्यांचीच नोंद सापडली. बाकीची माणसं रुग्णालयाच्या हिशेबात जबर जखमी होती आणि शुश्रूषागृहाच्या हिशेबात पडलीच नव्हती. आकडा ज्याने लिहायचा त्याचंच नुकसान त्या आकड्याने होणार असेल, तर तो आकडा हळूहळू खोटा होत जातो, हे मला या सगळ्या वाचनात पुन्हा पुन्हा दिसलं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझं उत्तर: माणसांच्या तासांवर. आणि ते तास पगारपत्रकावरून मोजलेले असले तर. २०१६ पासून अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांना रोज कोण किती तास कामावर होतं, हे पगाराच्या नोंदींतून द्यावं लागतं. २०१८ पासून तारे त्यावरून ठरू लागले. ही माहिती हाती आल्यावर जे उघड झालं ते रहिवाशांच्या मुलाबाळांना आधीपासून ठाऊक होतं. शनिवार-रविवारी माणसं कमी होतात. तपासणी पथक येतं तेव्हा वाढतात आणि पथक गेलं की पुन्हा कमी होतात. २०२१ मध्ये आश्विन गांधी आणि सहकाऱ्यांनी याच नोंदींवरून कर्मचारी किती टिकतात ते काढलं. वर्षाकाठी गळतीची सरासरी १२८ टक्के निघाली. याचा अर्थ, शंभर जणांच्या कामासाठी वर्षभरात सव्वाशेहून अधिक माणसं सोडून गेली. ज्या माणसाला बोलता येत नाही, त्याला दुखतंय हे ओळखायला तोच हात रोज लागतो. आत्या दुखलं की डावी भुवई उचलायची. हे नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात कसं कळावं? २०२२ पासून ही गळतीसुद्धा ताऱ्यांत धरली जाते, आणि मला तो त्या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत शहाणा बदल वाटतो.

तास किती हवेत, याचंही उत्तर काढलेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकी सरकारसाठी झालेल्या अभ्यासात आलं की, दर रहिवाशामागे दिवसाला ४.१ तासांच्या खाली गेलं की दर्जा घसरतो, त्यांतले २.८ तास मदतनिसांचे, म्हणजे आपल्या मावश्या-मामांचे. २०२४ मध्ये बायडन सरकारने त्याहून कमी, ३.४८ तासांची सक्ती करायचं ठरवलं. शुश्रूषागृहांच्या मालकांनी माणसं मिळत नाहीत म्हणून कोर्ट गाठलं आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. पंचवीस वर्षं ठाऊक असलेला आकडा आजही तिथे कायद्याने बांधलेला नाही.

हा हिशेब मी आत्याच्या मजल्याला लावून पाहिला. बावीस रहिवासी. बारा तासांच्या पाळ्या. दिवसा दोन मावश्या, रात्री एक. मिळून छत्तीस तास. बावीस जणांत वाटले तर प्रत्येकाला पावणेदोन तासही येत नाहीत. बावीसपैकी चौदा जण अंथरुणाला खिळलेले. एकाची कूस बदलायला, उशा लावायला, ओलं असेल तर डायपर बदलायला पाच मिनिटं धरा, तीही दोन माणसं असतील तर. चौदा जणांची एक फेरी सत्तर मिनिटांची. आणि अशी फेरी दर दोन तासांनी, रात्रभर, एकट्या बाईने. मधे कुणी उलटी करणार, कुणी पाणी मागणार, कुणी ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी येणार. ते काम होणं शक्यच नव्हतं. त्या मावशींनी रात्री दोनची सही संध्याकाळी केली, कारण कागद भरलेला नसला तर पगार कापला जाई, आणि कूस बदलली नाही तर काहीच कापलं जात नसे. त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडले होते. पुढे हा हिशेब कळल्यावर जाऊन त्यांची माफी मागावी असं वाटलं. तोवर त्या काम सोडून गेल्या होत्या.

मालकी कुणाची, यानेही फरक पडतो. अतुल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, खासगी गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतलेल्या अमेरिकी शुश्रूषागृहांत अल्प मुक्कामाच्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, मदतनिसांचे तास घटले आणि मनोविकारावरच्या औषधांचा वापर वाढला. ब्रिटनमध्ये केअर क्वालिटी कमिशन २०१४ पासून प्रत्येक केअर होमला चार पायऱ्यांत तोलतं आणि पाच प्रश्न विचारतं: सुरक्षित आहे का, उपयोगी पडतं का, मायेने वागवतं का, माणसाची गरज ओळखून वागतं का, नीट चालवलं जातं का. तिसरा प्रश्न सरकारी कागदावर आला याचं मला अप्रूप वाटतं. जपानने २००० साली दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा आणला आणि तिथल्या विशेष शुश्रूषागृहांत तीन रहिवाशांमागे एक कर्मचारी हे किमान प्रमाण ठरवलेलं आहे.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं सुमारे एक कोटी अकरा लाख होती. त्यांतली किती शुश्रूषागृहांत आहेत, याची मोजदाद होत नाही, कारण शुश्रूषागृह म्हणजे काय हेच आपल्या कायद्यात धड ठरलेलं नाही. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आता महाराष्ट्राच्या नावाने, रुग्णालयांना लागू होतो. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलता हाही शब्द आहे. तो नीट वाचला तर अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारी जागा त्यात बसू शकते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. पण मी पाहिलेल्या बहुतेक केंद्रांची नोंदणी या कायद्याखाली नव्हती. ती न्यास म्हणून, कंपनी म्हणून किंवा नुसती दुकान म्हणून नोंदलेली होती. आरोग्य खातं म्हणतं हा समाजकल्याणाचा विषय, समाजकल्याण म्हणतं ही खासगी आरोग्यसेवा.

२००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट करतो, पण राज्य सरकार ते स्थापन ‘करू शकेल’ अशा भाषेत. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्याची दुरुस्ती मांडली गेली. त्यात ज्येष्ठांच्या केअर होमची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती. ते विधेयक संसदीय समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तसंच बुडालं. राज्यात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया आजही वृद्धाश्रम चालवते. दोन्हीकडचा विचार मुख्यतः निराधारांना छप्पर देण्याचा आहे. ज्याला मुलं आहेत, पेन्शन आहे, पैसे आहेत, पण कुशीवर वळता येत नाही, त्याच्या वाटेचा विचार सरकारी कागदांत मला कुठे सापडला नाही. मुलगा न्यू जर्सीत असेल तर तिथल्या शेजारच्या आजींच्या शुश्रूषागृहाचे तारे, कर्मचाऱ्यांचे तास, झालेला दंड हे सगळं त्याला पाच मिनिटांत बघता येतं. कोथरूडला ठेवलेल्या आपल्या आईबद्दल त्याच्याकडे असतात ते व्हिडिओ कॉल आणि दर महिन्याचं बिल.

म्हणून आपल्याकडे सगळी तपासणी शेवटी नातेवाइकाच्या डोळ्यांवर येते. मी आता एखादी जागा कशी बघते ते सांगते. जाते रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, न कळवता. ‘भेटीची वेळ चार ते पाचच’ असं सांगणारी जागा मी तिथेच सोडून देते. कार्यालयात बसत नाही. जेवण वाढायला घेतलं की एका कोपऱ्यात उभी राहते. ज्याला स्वतः खाता येत नाही अशा माणसाला भरवायला किती वेळ लागतो, ते पाहते. घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो, त्यातून न्यूमोनिया होतो. आणि वीस जणांना एका बाईने भरवायचं असेल तर घाई होणारच. कित्येक ठिकाणी भरवायला वेळ नाही म्हणून नाकातून नळी घातलेली मी पाहिली आहे. रात्रीचं जेवण सहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला असेल, तर मधल्या साडेचौदा तासांत पोटात काय जातं, ते विचारते. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे की पलीकडच्या टेबलावर, ते बघते. लघवी कमी व्हावी, डायपर कमी लागावेत म्हणून दुपारनंतर पाणीच कमी द्यायचं, हे मी दोन ठिकाणी स्वतः ऐकलं आहे.

वास सगळेच घेतात. माझा अनुभव असा की, थोडासा लघवीचा वास असलेली जागा वाईट असेलच असं नाही. माणसं तिथे राहतात. नाक झोंबणारा फिनेलचा वास मला जास्त खटकतो. त्यापेक्षा नखं पाहावीत, आणि कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत पाहावं, विशेषतः लकव्याने मिटून गेलेल्या मुठीत. ती मूठ हलक्या हाताने उघडून, धुऊन, पुसून, मधे कापडाची गुंडाळी ठेवणं हे कुठल्याही तक्त्यात नसलेलं काम आहे. ते होत असेल तर बाकीचंही होत असतं. चष्मे आणि कवळ्या ज्याच्या त्याच्याकडे आहेत का, तेही पाहते. एका ठिकाणी कवळ्या एकाच भांड्यात भिजत घातलेल्या होत्या.

दुपारी तीनला सगळा मजला झोपलेला असेल तर कुणाला कसली औषधं चालू आहेत, ते विचारावं. क्वेटायपिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरच्या औषधांची नावं दिसली तर ती कुणी, कशासाठी, किती दिवसांकरता लिहिली हे विचारायचा हक्क नातेवाइकाला आहे.

आणि मावश्यांशी बोलावं. किती दिवस झाले इथे? रात्री किती जणी असता? एखादी आजारी पडली तर बदली कुणी येतं का? माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मुली तीन महिन्यांत बदलतात. त्यांच्या पगारातला वाटा ब्युरो कापून घेतो. पाच-सात वर्षं एकाच जागी टिकलेली मावशी जिथे भेटते, तिथे मी थांबते. मग एका रहिवाशाकडे बोट दाखवून विचारते, हे आधी काय करायचे? ‘शाळेत गणित शिकवायचे, अजून चुकलेला हिशेब ऐकवला की रागावतात,’ असं उत्तर मिळालं की मला दुसरं काही विचारावंसं वाटत नाही.

कागदांतला एकच कागद मी अजून मागते: वजनाची वही. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांचं वजन, उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट. वजन खोटं लिहिणं कठीण, कारण काटा तिथेच असतो आणि माणूसही. जिथे ही वही नाही तिथे खाणं नीट चाललंय असं कुणीही सांगितलं तरी मी मानत नाही. तक्रार ऐकायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिचा उपयोग होतो. अमेरिकेत १९७२ पासून शुश्रूषागृहांत जाऊन रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकणारी माणसं सरकारतर्फे नेमलेली असतात, आणि त्यांत बरेच शिकवून तयार केलेले स्वयंसेवक असतात. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, परिचारिका आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत. कायदा येईल तेव्हा येईल. दर पंधरवड्याला न सांगता दार उघडून आत जाणारी अशी दहा माणसं एखाद्या शहराने आज उभी केली तरी भिंतीवरचे कागद वेगळे दिसू लागतील, अशी माझी खात्री आहे.

आत्याला मी तिथून हलवलं ते एका जुन्या बंगल्यात. लिफ्ट नव्हती, बाग नव्हती, फरशी जागोजागी उखडलेली. अकरा रहिवासी, दिवसा तीन मावश्या, रात्री दोन. जखम भरायला चार महिने लागले. आली तेव्हा चौतीस किलो होती. वहीत पुढे पस्तीस, साडेछत्तीस, अडतीस असे आकडे चढत गेले. नवव्या महिन्यात ती अंगणातल्या खुर्चीत बसून उन्हं घेऊ लागली.

तेराव्या महिन्यात वहीत पस्तीस लिहिलं गेलं. मी विचारायच्या आधीच सिस्टरांचा फोन आला. ‘ताई, आत्यांचं वजन परत खाली येतंय. घास तोंडात धरून ठेवतात. डॉक्टर बघून गेलेत. तुम्हाला जमेल तेवढं येऊन बसा आता.’ मी गेले. मावशी वाटीतली पेज चमच्याने भरवत होत्या. प्रत्येक घासानंतर थांबायच्या, गळ्याला बोट लावून गिळल्याची खात्री करायच्या, मगच पुढचा चमचा. बसायला गेले तेव्हा ऊन होतं. पेज संपली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.